मोक्षपट ते सापशिडी : एका घरगुती पटाचे वाचन

आळंदीच्या परिसरात एक कथा सांगितली जाते. निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव माधुकरीसाठी बाहेर पडत, तेव्हा घरी राहिलेल्या सोपानदेव आणि मुक्ताबाई या धाकट्या भावंडांचे मन रमावे म्हणून थोरल्या दोघांनी एक पट आखला. पटाच्या तळाशी जन्माचे घर, माथ्यावर मोक्षाचे. मध्ये कोठे वर नेणाऱ्या शिड्या, कोठे खाली ओढणारे साप. कवड्यांचे दान पडेल तितकी घरे सोंगटी पुढे सरकवायची. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेले, गावाने पंक्तीतून उठवलेले. अशा घरातील पोरक्या मुलांना सवंगडी कोठून मिळणार? तेव्हा भावांनीच खेळ रचला आणि खेळता खेळता कामक्रोधांची ओळखही करून दिली. हा पट म्हणजे 'मोक्षपट', आणि घरोघरी मुले खेळतात ती सापशिडी त्याचीच वंशज, असे या कथेचे सांगणे आहे.

कथा इतकी हृद्य आहे की तिच्याविषयी शंका घेणे पुष्कळांना अरसिकपणाचे वाटते. तरीही इतिहासाच्या अंगाने पाहू जाता काही गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. नामदेवांच्या नावावर असलेल्या 'आदी', 'तीर्थावळी' आणि 'समाधी' या प्रकरणांत या भावंडांचे चरित्र बऱ्याच तपशिलाने येते; पटाचा निर्देश तेथे नाही. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. त्याआधी सुमारे दीडशे वर्षे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' या ग्रंथात क्रीडांना एक सबंध विंशती दिली होती. तीत फासे आहेत, कवड्यांचा खेळ आहे; साप आणि शिड्या नाहीत. प्रत्यक्ष उपलब्ध असलेले ज्ञानपट, मग ते राजस्थान-गुजरातेतील असोत की महाराष्ट्रातील, बहुतांशी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील आहेत. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातील अभ्यासक अँड्रयू टॉप्सफील्ड यांनी १९८५ साली या पटांचा पहिला विस्तृत परामर्श घेतला; २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठात जेकब श्मिट-मॅड्सन यांनी पश्चिम भारतातील पटांवर प्रबंध सादर केला. डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातही मोक्षपट मिळाले. त्यांतील सापांना षड्रिपूंची नावे आहेत आणि ते मराठी मनाच्या किती जवळचे आहेत हे पाहताक्षणीच कळते. परंतु पट मराठी असणे आणि तो तेराव्या शतकातील असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत.

ज्ञानदेवांच्या नावावर फिरणाऱ्या शंभर घरांच्या याद्यांबद्दल तर अधिकच सावध राहावयास हवे. अमक्या क्रमांकावर श्रद्धा, तमक्यावर औदार्य, पुढे मद्यपान, पुढे कर्ज, असा त्यांचा थाट असतो. मात्र ही घरे कोणत्या पटावरून उतरून घेतली, हे कोणी सांगत नाही. मद्यपान आणि कर्ज हे दोष शेजारीशेजारी ठेवणारी नीती गोदाकाठच्या तेराव्या शतकापेक्षा व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातील पांढरपेशा घरांना अधिक शोभते. मूळ भारतीय पटाची ओळख म्हणून इंग्रजी पटाचीच छाया आपल्याकडे परत आली असावी, असा संशय घेण्यास येथे जागा आहे.

या कथेला हिमालयापलीकडे एक जुळी बहीण आहे. तिबेटमध्येही पुनर्जन्माच्या भूमींतून बुद्धत्वाकडे नेणारा पटाचा खेळ आहे आणि त्याचे कर्तृत्व परंपरा शाक्य पंडित (११८२–१२५१) या थोर विद्वानाकडे देते. त्याने तो रचला, असे सांगतात, आपल्या आजारी आईच्या विरंगुळ्यासाठी. दोन्ही कथा तेराव्या शतकाकडे बोट दाखवतात. दोहोंत एक प्रकांड तत्त्वज्ञ आहे आणि घरात अडकून पडलेले जिव्हाळ्याचे माणूस आहे. एकीने दुसरीपासून उसने घेतले असे मानण्याचे कारण नाही. तत्त्वज्ञानाचा सारा डोलारा एका चौरस कापडावर उतरवायचा, तर तो कोणासाठी, असा प्रश्न लोकमनाला पडतो आणि उत्तर सगळीकडे एकच येते : ज्याला ग्रंथ वाचणे शक्य नाही अशा घरच्या माणसासाठी. इतिहास म्हणून ही उत्तरे टिकत नाहीत, पण खेळाचे वर्म त्यांना कळले आहे.

मराठी संतपरंपरेत ही कल्पना रुजण्याजोगी भूमी तयार होतीच. तुकारामांच्या गाथेत फुगडी, हमामा, चेंडूफळी, विटीदांडू यांवरचे अभंग आहेत. मुलांचे खेळ उचलून त्यांत परमार्थ भरणे हा वारकरी कवींचा आवडता व्यापार. सारीपाट तर देवादिकांच्या घरात शिरला. खंडोबा आणि म्हाळसा सारीपाट खेळतात, देव हरतो आणि पणाप्रमाणे घर सोडून जातो. त्या वनवासातूनच बाणाईची सारी कथा उगवते. जेथे देवाचा संसार एका डावावर फिरतो, तेथे ज्ञानदेवांच्या हाती कवड्या दिसल्या तर नवल नाही.

आता प्रत्यक्ष पटाकडे वळावे. उत्तर भारतात 'ज्ञान चौपड', जैनांत 'ज्ञानबाजी', आंध्रात 'वैकुंठपाळी', तमिळनाडूत 'परमपदम्' अशी त्याची नावे. घरांची संख्याही एक नाही. वैष्णव पट बहुधा बहात्तर घरांचा, जैन पट चौऱ्याऐंशी घरांचा, तर 'शतरंज-उल-आरिफीन' म्हणून ओळखला जाणारा सूफी पट शंभर घरांचा. यांतील बहात्तर घरांचा पट वाचण्याजोगा आहे. 'वाचण्याजोगा' हा शब्द येथे शब्दशः घ्यावयाचा. प्रत्येक घरात एक नाव लिहिलेले असते आणि सोंगटी ज्या क्रमाने घरांवर थांबेल त्या क्रमाने एक वाक्य घडत जाते. तेच पुस्तक प्रत्येक डावात निराळे वाचले जाते.

नऊ घरांची एक ओळ, अशा आठ ओळी. क्रम नागमोडी : एक ओळ डावीकडून उजवीकडे, पुढची उजवीकडून डावीकडे. हरीश जोहरी यांनी ज्यावर भाष्य लिहून जगापुढे ठेवला तो पट घेतला, तर पहिल्या ओळीतच जन्म, माया, क्रोध, लोभ, भूलोक, मोह, मद, मत्सर आणि काम अशी नऊ घरे भेटतात. जन्माला येताच सहाही शत्रू उंबऱ्यावर उभे. त्यांच्या ऐन मध्ये, पाचव्या घरात, भूलोक. शेवटच्या ओळीचा मध्य म्हणजे अडुसष्टावे घर, आणि ते वैकुंठाचे. भूलोकातून सरळ वर नजर टाकली की वैकुंठ दिसते. दोहोंत फक्त सहा घरांचे अंतर. सोंगटीला मात्र तो सरळ रस्ता मोकळा नाही. तिला प्रत्येक ओळीचे टोक गाठून वळावे लागते. पटकर्त्याने हे मुद्दाम साधले की नऊ आणि आठ या संख्यांच्या मेळातून ते आपोआप घडले, याचा वाद घालता येईल. पट उभा धरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांना ते जाणवल्यावाचून राहत नाही.

भारतीय पटांवर शिड्यांपेक्षा साप अधिक असतात, कारण मोक्षाची वाट बिकट असते, असे विधान वारंवार केले जाते. या पटापुरते तरी ते खरे नाही. येथे साप दहा आणि शिड्याही दहाच. अवघडपणा संख्येत नसून जागांच्या निवडीत आहे. दहाव्या घरातील तप तेविसाव्या घरातील स्वर्गापर्यंत नेते. त्यापुढे तपाची मजल नाही. सदतिसाव्या घरातील ज्ञान सहासष्टाव्या घरातील आनंदापर्यंत पोचवते, म्हणजे वैकुंठाच्या अलीकडे दोन घरे सोडून देते. थेट अडुसष्टावर नेणारी शिडी एकच, चौपन्नाव्या घरातील भक्तीची. ज्ञान आणि भक्ती यांच्या श्रेष्ठकनिष्ठत्वाचा जो वाद शतकानुशतके ग्रंथांतून चालला, त्याचा निकाल पटकर्त्याने दोन घरांच्या फरकाने देऊन टाकला आहे. ज्ञानी माणूस अगदी जवळ येतो, पण उरलेले दोनच दान त्याला पडेल याची हमी नाही.

याहून मार्मिक योजना पुढच्याच घरात आहे. चौपन्न हे सहाव्या ओळीचे शेवटचे घर. ओळ तेथे वळते आणि पंचावन्नावे घर त्याच्या बरोबर डोक्यावर येते. त्या घराचे नाव अहंकार. तेथला साप लांबलचक, सोंगटीला तिसऱ्या घरातील क्रोधापर्यंत खेचणारा. भक्तीला एका दानाने चुकलेला खेळाडू जवळजवळ जन्मापाशी येऊन पडतो. भक्ताच्या डोक्यावर अहंकार बसलेला असतो हे सांगायला कीर्तनकाराला एक पूर्वरंग खर्चावा लागेल. पटाला ते एका वळणात साधले आहे. इतर सापांचीही अशीच संगती लावता येते. द्वेषाचा साप लोभात उतरतो, कुसंगाचा मदात, अधर्माचा मोहात, अविद्येचा कामात. कार्यकारणाची ही साखळी कोणत्या शास्त्राप्रमाणे लावली, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही आणि काही जोड्या ओढूनताणून जमवल्यासारख्या वाटतात, हेही मान्य करावयास हवे. पण ज्या जोड्या साधल्या आहेत त्या विसरता येत नाहीत.

एक शिडी तर कोड्यात टाकणारी आहे. सतराव्या घरात दया आहे. तिची शिडी सोंगटीला एकोणसत्तराव्या घरात, ब्रह्मलोकात, नेऊन सोडते. म्हणजे वैकुंठाच्या एक घर पुढे. सगळ्या पटावर लक्ष्य ओलांडून जाणारा गुण हा एकच. अशा खेळाडूचे पुढे काय होते, याचा विचार शेवटी येईलच.

हा पट लहान मुलांसाठी रचला होता काय? त्यातील नावांवरून तरी तसे म्हणवत नाही. तमस, अविद्या, सुविद्या, सत्त्वगुण ही घरे पाच वर्षांच्या मुलाला उद्देशून कोणी लिहीत नाही. जैन घरांतून पर्युषणाच्या दिवसांत हा खेळ खेळला जाई; दक्षिणेत वैकुंठ एकादशीच्या रात्री जागरणासाठी परमपद मांडण्याची चाल आहे. दोन्ही प्रसंग व्रताचे आणि सगळ्या घराने मिळून पाळण्याचे. व्रताच्या दिवशी पारायण चालावे तसा हा पट चाले. घरात मुले असत, म्हणून तीही खेळात येत. परंतु ज्याला अजून अक्षरओळख नाही असे मूल या पटावर एकट्याने खेळू शकत नव्हते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. सोंगटी घरात बसली की ते नाव कोणीतरी वाचावे लागे. आणि मूल पुढचा प्रश्न विचारणारच, की मत्सर म्हणजे काय, आणि मत्सराच्या घरात आल्यावर आपण नेमके काय केले म्हणून साप चावला. आजीने किंवा थोरल्या भावाने दिलेले उत्तर हा त्या खेळाचा अलिखित भाग होता. कापडावरील संहिता तुटपुंजी, एकेका शब्दाची; तिच्यावरचे भाष्य तोंडी, आणि ते घरागणिक वेगळे. निवृत्तिनाथ-ज्ञानदेवांची कथा या भाष्यकारालाच नाव देते. पट ज्ञानदेवांनी आखला नसेल. पण पटाशेजारी एक थोरला भाऊ बसलेला हवा, ही कथेची समजूत खोटी नाही.

जैन पटाची रचना काहीशी निराळी आहे. त्याचा माथा देवळाच्या शिखरासारखा निमुळता होत जातो आणि सर्वांत वर सिद्धशिलेची चंद्रकोर असते. त्याखाली स्वर्गांचे मजले येतात. स्वर्ग हे तेथे गंतव्य नाही, देवयोनीतूनही पुण्य सरताच खाली यावे लागते, हा जैन सिद्धान्त पटावर आयताच चित्रित होतो. नेपाळातील 'नागपाश' पटावर शिड्याच नाहीत. वर नेणारेही सापच, तांबड्या रंगाचे, आणि खाली आणणारे निळे. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार यांनी तर एकोणिसाव्या शतकात पटांचे खेळ रचण्याचा ध्यासच घेतला होता. या सगळ्या शाखांत थोरली कोणती, हे ठरविण्याचा खटाटोप फारसा फलदायी होईलसे दिसत नाही.

इंग्रजांच्या हाती हा पट लवकर पडला. पुण्याचे कलेक्टर म्हणून १८१८ नंतर काम केलेले हेन्री डंडास रॉबर्टसन यांनी दिलेला असा एक पट लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. पेशवाई बुडाल्यावर जे अधिकारी दप्तरे चाळत होते, त्यांच्यापैकीच एकाच्या सामानातून हा पट समुद्रापार गेला. तिकडे नीतीचे पट अनोळखी नव्हते. लंडनमध्ये १८०० साली निघालेल्या आणि १८४३ पासून अमेरिकेतही लोकप्रिय झालेल्या 'मॅन्शन ऑफ हॅपिनेस' या खेळात सद्गुण पुढे नेत आणि दुर्गुण चाबकाच्या खांबापाशी किंवा तुरुंगात पाठवीत. फाशांना जुगाराचा वास येतो म्हणून त्या खेळात फाशाऐवजी अंक लिहिलेली भिंगरी फिरवीत. नीती शिकवायची आणि फासे टाकायचे, यातली विसंगती त्या पालकांना बोचत होती. ज्या देशात द्यूतात राज्य हरलेला धर्मराज महाकाव्याचा नायक आहे, त्या देशातील पटकर्त्याला मात्र मोक्षासाठी कवड्या टाकण्यात संकोच वाटला नाही.

१८९२ साली लंडनचे क्रीडासाहित्याचे उत्पादक एफ. एच. एअर्स यांच्याकडून सापशिडीची नोंद झाली. त्याच दशकात 'किस्मेत' या नावानेही असा पट निघाला. ल्यूडो, म्हणजे आपली पचिशी, १८९६ साली तिथलीच नोंद घेऊन मोकळी झाली. सुरुवातीच्या इंग्रजी सापशिडीवर काटकसरीची शिडी परिपूर्तीकडे नेई, आळसाचा साप दारिद्र्यात ढकली. जन्म आणि वैकुंठ गेले. त्यांच्या जागी एका आयुष्यात उरकणारी भरभराट आली. पुनर्जन्म वजा केल्यावर सापाचा अर्थच बदलतो. मूळ पटावर खाली येणे म्हणजे आणखी एक फेरा होता. इंग्रजी पटावर ते नुकसान झाले. पुढे हीही नावे गळाली आणि नुसते आकडे राहिले. अमेरिकेत १९४३ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापही काढून टाकले आणि घसरगुंड्या ठेवल्या. मुलांना साप दाखवू नयेत, एवढी हळवी समजूत त्यामागे असावी.

त्यानंतर खेळ मायदेशी परतला तो पुठ्ठ्यावर छापून. एका बाजूस ल्यूडो, दुसऱ्या बाजूस सापशिडी, सोबत प्लास्टिकच्या सोंगट्या आणि एक लहानसा फासा. दोन भारतीय खेळ इंग्रजी वेषात एकमेकांना पाठ लावून घरी आले आणि ते परदेशातून आले अशीच पुष्कळांची समजूत झाली. सलमान रश्दींच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन' (१९८१) या कादंबरीत सापशिडीला एक सबंध प्रकरण वाहिलेले आहे. तेथेही खेळ दिसतो तो बालपणीच्या पटाच्या रूपात, आणि चांगले-वाईट इतके सरळ विभागले जात नाही ही जाणीव त्यातून उगवते. बहात्तर घरांचा पट समोर असता तर ती जाणीव पटावरच लिहिलेली सापडली असती.

आकड्यांच्या पटाने काहीच दिले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. नावे गेल्यामुळे भाष्यकाराची गरज संपली आणि अक्षरशत्रू मूल प्रथमच या पटाचे स्वतंत्र नागरिक झाले. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले की एक ते दहा आकड्यांच्या सरळ पट्टीवर पंधरा-पंधरा मिनिटांचे चारच डाव खेळले, तरी बालवाडीच्या वयातील मुलांची संख्यांची समज सुधारते. रंगांच्याच घरांचा तसाच पट मात्र तो लाभ देत नाही. मुलाचे बोट घरागणिक टेकत जाते, तोंडाने आकडे येतात, आणि मोठी संख्या म्हणजे लांबची जागा हे अंगात भिनते. मत्सराचा अर्थ सांगणारी आजी गेली. मोजणी शिकवणारा पट उरला.

गणितज्ञांनीही या पटाची झडती घेतली आहे. अमेरिकी पटावर एक खेळाडू शंभराव्या घरात पोचण्यास सरासरी सुमारे ३९ फेका लागतात. नशीब शिकंदर असेल तर सातांत काम होते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात तर एक गमतीची गोष्ट सिद्ध केली आहे. त्या पटावर अठ्ठाविसाव्या घरातून चौऱ्याऐंशीवर नेणारी लांब शिडी आहे. एकोणतिसाव्या घरात सत्ताविसावर आणणारा एक चिमुकला साप नव्याने ठेवला, तर खेळ लांबण्याऐवजी सरासरीने आखूड होतो, कारण हुकलेली शिडी गाठण्याची दुसरी संधी मिळते. सापाकडून उपकार होऊ शकतो, हे विधान आता आकडेमोडीने सिद्ध आहे. जुन्या पटाच्या एखाद्या भाष्यकाराने ते आनंदाने उचलले असते.

लहान मुलाबरोबर हा खेळ खेळणाऱ्या मोठ्या माणसाची अडचण या सगळ्यापेक्षा जुनी आहे. बुद्धिबळात आजोबांना मुद्दाम हरावे लागते आणि मुलाला ते कळते. सारीपाटात कोणती सोंगटी चालवायची याचा निवाडा करावा लागतो. तेथेही वय कामास येते. सापशिडीत निवाडा नाहीच. दान पडले तितके चालायचे, एवढेच. चार वर्षांचे पोर आणि सत्तरीचे आजोबा येथे खरोखर समान असतात. घरातील फार थोड्या व्यवहारांत अशी समानता असते. म्हणूनच मुलाचे येथले हरणे आणि जिंकणे दोन्ही अस्सल असते. अठ्ठ्याण्णवाव्या घरातील सापाने गिळल्यावर जो आक्रोश होतो, त्यावर 'पुन्हा टाक, हे दान धरायचे नाही' अशी सवलत देणारे वडीलधारे माया करतात खरे, पण पटाचा एकमेव नियम मोडतात. आणि पुढच्या वेळी आजोबांची सोंगटी त्याच सापाच्या तोंडी गेली की तेच मूल सवलत द्यायला तयार नसते.

मराठीत फेकीला 'दान' म्हणतात, हा योगायोग येथे नोंदवण्याजोगा. जे आपण टाकतो, त्याला आपण दिलेले म्हणतो आणि पडल्यावर ते मिळालेले ठरते. जुन्या पटाची तात्त्विक अडचण याच शब्दात दडली आहे. दयेच्या घरात पोचलेल्या खेळाडूने दया केलेली नसते. त्याला ते दान पडलेले असते. मग हा पट कर्माचा सिद्धान्त शिकवतो की दैवाचा? इंग्रजी नीतिपटापाशी या प्रश्नाला उत्तर नव्हते. काटकसर न करता काटकसरीची शिडी चढलेले मूल त्या पटाची लबाडी चटकन ओळखते. भारतीय पटाला निदान प्रारब्धाचा आधार होता : कवड्या आज पडतात, पण त्या कोठल्यातरी मागच्या डावातल्या असतात. हे उत्तर सर्वांचे समाधान करील असे नाही. तरी त्यामुळे खेळाडूला आपल्या शिडीचा गर्व आणि दुसऱ्याच्या सापाबद्दल तुच्छता, दोन्ही बाळगता येत नाहीत.

आता दयेच्या शिडीने वैकुंठ ओलांडून गेलेल्या खेळाडूकडे पाहावे. आकड्यांच्या सापशिडीत शंभराच्या पुढे घरच नसते. नेमके दान पडेपर्यंत सोंगटी नव्व्याण्णवाशी बसून राहते. बहात्तर घरांच्या पटावर अडुसष्टाच्या पुढे चार घरे आहेत : ब्रह्मलोक, सत्त्वगुण, रजोगुण, तमोगुण. ब्रह्मलोकातून मागे फिरता येत नाही आणि तेथे राहूनही चालत नाही. एकेक घर पुढे जात शेवटी बहात्तरावे, तमोगुणाचे घर गाठावे लागते, आणि तेथे पटाचा अखेरचा साप आहे. तो सोंगटीला जन्माच्या घरापर्यंत नेत नाही. एक्कावन्नाव्या घरात सोडतो. त्या घराचे नाव पृथ्वी. डाव तेथून पुढे चालू राहतो. तीन पडले तर भक्ती, चार पडले तर अहंकार.